मास्टरांचे पांढरे बूट

सोमवार, १९९४च्या जुलैतला दुसरा. वेळ पहाटे पावणेसहा. स्थळ विद्यापीठाचं मैदान, ग्रंथालयाच्या मागचं. उपस्थित: मी, म्हणजे कार्यालय अधीक्षक आणि नव्या आरोग्य व व्यायाम समितीची सचिव, मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डनबाई, त्यांनी उठवून आणलेल्या चार मुली, त्यांतली एक उभ्या उभ्या झोपलेली, तिरुच्चीहून बोलावलेला, कॅसेट प्लेअर घेऊन आलेला तरुण प्रशिक्षक, आणि मास्टर. निमंत्रण सगळ्या प्राध्यापकांना, कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना होतं. अनुपस्थित: ते सगळे. माझे यजमान धरून.

मास्टर उपस्थित होते म्हणजे मैदानाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर बसून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात होते. हे आमचे शारीरिक शिक्षण संचालक. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. शिट्टीतला मणी कधीच हरवलेला, त्यामुळे फुंकली तरी नुसती हवा यायची. पायात कॅनव्हासचे बूट, दुधात बुडवून काढल्यासारखे पांढरे.

मी जवळ जाऊन म्हटलं, "मास्टर, निदान तुम्ही तरी उठून हात हलवा. मुली बघताहेत."

"हात हलवतोंच अहें, अक्का," ते म्हणाले. "शेंगा सोलतों."

मी मूळची सांगलीची, लग्न करून तंजावरला आले. मास्टर आणि माझे यजमान दोघंही इथल्या जुन्या मराठी घराण्यांतले. त्यांची मराठी अशीच, 'आहे'चं 'अहे' करणारी आणि मध्येच तमिळ 'सरी' म्हणून मान डोलावणारी. पहिली काही वर्षं मला ती ऐकून हसू यायचं. मास्टरांच्या तोंडून ऐकली की मात्र राग यायचा.

आधीच सांगून टाकते. मला या माणसाचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

व्यायाम समिती ही माझी कल्पना होती. त्या दोनतीन वर्षांत आमचं गाव बसल्या जागी जाड होत चाललं होतं. घरोघर केबल आली. सायकलवरून येणारे प्राध्यापक हप्त्याच्या स्कूटरवरून यायला लागले, मग स्कूटरवरून उतरल्यावर जिना चढताना थांबायला लागले. कॅन्टीनमध्ये ताकाच्या जागी रंगीत बाटल्या आल्या. डबा उघडण्याआधी गोळी घेणारी माणसं माझ्या एकट्या कार्यालयात पाच निघाली. मी कुलगुरूंपुढे टिपण ठेवलं, मंजुरी मिळवली, तमिळ आणि इंग्रजीत परिपत्रक काढलं, भित्तिपत्रकं लावली, वजनाचा काटा आणला, प्रत्येकाच्या नावाचं कार्ड केलं. करायचं ते सगळं क्रमाने केलं. लोक काट्यावर एकदा चढले, आकडा बघून दचकले आणि पुन्हा त्या खोलीकडे फिरकले नाहीत.

आणि मास्टर? ते व्यायाम हा शब्दच उच्चारत नसत. ते फक्त प्रश्न विचारायचे.

वॉर्डनबाईंना त्यांनी एकदा विचारलं, "वसतिगृहामागच्या विहिरींत कासव होतं. अजून अहे का?" वॉर्डनबाई सहज बघून आल्या आणि म्हणाल्या, आहे. "तोंड कुठल्या दिशेला होतं?" ते त्यांनी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. वसतिगृहापासून ती विहीर चांगली लांब, शेताच्या कडेला. महिनाभरात बाई रोज पहाटे तिकडे जायला लागल्या आणि त्यांच्या मागे मुली. माझ्या मैदानावर उभ्या उभ्या झोपलेली ती मुलगी सगळ्यांत पुढे.

तमिळ विभागाचे एक अतिशय स्थूल प्राध्यापक तळ्याच्या बांधावर जाऊन चिंचेवर बगळे किती उरलेत ते बघायचे. हिशेब खात्यातला एक कारकून ओरत्तनाडूची पहिली बस जुना ड्रायव्हर आणतो की नवा, हे पाहायला मोठ्या फाटकापर्यंत जायचा. ज्याला जे विचारलं ते त्याचं. दुसऱ्याने परस्पर बघून सांगितलेलं मास्टरांना चालत नसे.

सकाळी साडेआठला ते कॅन्टीनच्या पहिल्या टेबलाशी बसलेले असत. समोर पितळी डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, ठेवलेला काफीचा पेला. सगळ्यांच्या बातम्या येईपर्यंत त्याला हात नाही. कोणी उशीर केला तर दाराकडे बघत राहायचे.

"मास्टर, गार होते हो," कॅन्टीनवाला म्हणायचा.

"बगळे कळले नाहींत, अप्पा. घशाखालीं कशी उतरेल?"

आणि ते स्थूल प्राध्यापक घामाघूम होऊन, कमरेची वेष्टी सावरत, "आलो, आलो" करत आत यायचे. माझ्या सहीचं परिपत्रक ज्यांनी चहाचा पेला ठेवायला वापरलं, तेच हे गृहस्थ.

मी हे सगळं पलीकडच्या टेबलावरून बघायचे. एक गोष्ट मनाला लागायची, ती आधी कोणाला सांगितलेली नाही. मास्टरांनी सगळ्यांना काही ना काही विचारलं होतं. शिपायाला, माळ्याला, दोन डीनना. मला कधीच काही विचारलं नाही.

आता यजमानांबद्दल. ते संख्याशास्त्र शिकवतात. साखरेचा आजार घराण्यातला. माझ्या सासऱ्यांच्या पायाला शेतावर काटा लागला होता. त्यांना तो कळलाच नाही, आणि कळला तेव्हा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढची वर्षं ते ओटीवर बसून होते. त्यांचं सगळं मी केलं. त्यामुळे डॉक्टरांनी यजमानांना "रोज चाला" म्हटलं त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. गजर लावला. त्यांच्या मापाचे, डॉक्टरांनी सांगितले तसे मऊ तळव्याचे बूट आणले. तारखा आखून कॅलेंडर टांगलं. विनवलं, रागावले, एकदा दोन दिवस बोलले नाही. बूट खोक्यात राहिले. यजमान म्हणायचे, "सरी, उद्यां."

एका सकाळी कॅन्टीनमध्ये मी माझ्या टेबलाशी बसले होते. यजमान आत आले. मला त्यांनी पाहिलं नाही. चपलांना ओला चिखल होता. सरळ मास्टरांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तीन पायऱ्या बुडाल्यात."

"काल दोन होत्या," मास्टर म्हणाले.

"पाणी वाढतं अहे. रंग अजून गढूळ."

"म्हणजे मेट्टूरचं खरं पाणी पोचलं," असं म्हणून मास्टरांनी पेला उचलला.

पुदु आरु, नवी नदी म्हणतात ती, खरं तर कालवा. आमच्या घरापासून भरपूर लांब. मेट्टूरचं धरण उघडलं की काही दिवसांनी तिच्यात पाणी येतं आणि मग ओरत्तनाडूकडच्या शेतांना मिळतं. आमची थोडी जमीन तिकडेच. त्या वर्षांत पाण्यावरून दोन राज्यांचं भांडण चालू होतं. पाणी आलं का, किती आलं, हे तंजावरात नमस्काराच्या आधी विचारायचे. मी यजमान पहाटे दूध आणायला जातात असं समजत होते. दूध ते येताना आणत होते.

संध्याकाळी मी विचारलं, "तुम्ही रोज कालव्यावर जाता?"

"मास्टरांनी विचारलंय ना."

"मी इतकी वर्षं सांगतेय, चाला म्हणून."

यजमान म्हणाले, "तूं चालायला सांगत होतीस. त्यांनी पाणी विचारलं."

मला झोप लागली नाही असं काही झालं नाही. मी झोपले, उठले, आणि ठरवलं की ही जर युक्ती असेल तर ती मलाही करता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना म्हटलं, "पश्चिमेच्या बाजारात तो फूलवाला बसलाय का, बघून सांगता?" ते स्कूटर काढून गेले आणि पाच मिनिटांत आले. "बसलाय." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "फुलं हवी होतीं?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. त्या फूलवाल्याचं मला काहीही पडलेलं नव्हतं आणि हे त्यांना जातानाच ठाऊक होतं.

मग मी मास्टरांवर नजर ठेवायला लागले. यांना तरी त्या कासवाचं काय पडलंय, हे मला शोधून काढायचं होतं. हेवा करणाऱ्याची नजर बारीक असते. प्रेम करणाऱ्याला दिसत नाही ते तिला दिसतं. इतक्या लोकांना मास्टर प्रिय होते, पण मास्टरांना चालताना कोणी पाहिलंच नाही, हे एकट्या माझ्या लक्षात आलं. ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असायचे आणि सगळे गेल्यावर उठायचे. एकदा मी मुद्दाम ग्रंथालयाच्या वरच्या खिडकीत उभी राहिले. मैदान रिकामं झालं. मास्टर बाकाला धरून उठले. उजवा पाय न वाकवता, भिंतीला हात लावत, मागच्या फाटकाशी उभ्या असलेल्या सायकलरिक्षापर्यंत गेले. ते अंतर एखादं मूल दोन उड्यांत कापेल. त्यांना वाटेत थांबावं लागलं.

बूट पांढरे का राहतात, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बाकावर जाऊन बसले. "गुडघा कधीपासून?"

त्यांनी शेंगांचा पुडा माझ्याकडे सरकवला. "तुम्हीं बघितलंत तर. सरी. बरेच दिवस झाले."

"सांगत का नाही कोणाला?"

"लंगड्या ड्रिल मास्टरचं कोण ऐकतं, अक्का?" मग मैदानाकडे बघत म्हणाले, "इथें येण्याआधीं मी शाळेंत होतों. ह्या विद्यापीठांतले निम्मे लोक माझ्या हाताखालून गेले. उशीर झाला, धाव. गणित चुकलं, धाव. दुसऱ्या विषयांचे वाध्यारही पोरांना माझ्याकडेच पाठवायचे, शिक्षा द्या म्हणून. तुमचे ते बगळेवाले प्राध्यापक, लहानपणीं रडत रडत धावायचे. धावणं म्हणजे शिक्षा, हें मीच शिकवलं त्यांना. आतां मीच कुठल्या तोंडानं सांगूं, धावा, बरं असतं?"

"म्हणून प्रश्न विचारता. युक्ती चांगली आहे."

"युक्ती कसली?" ते खरोखर दुखावले. "मला जाता येत नाहीं तिथें. विहीर, तळं, कालवा, सगळीकडे मी जायचों. कासव जिवंत अहे का, मला कळायला नको?"

मी शेंग सोलत बसले. खरं तर त्यांना उघडं पाडायला मी गेले होते. ते सापडले, आणि माझा हेवा कमी होण्याऐवजी वाढला. युक्ती असती तर मी शिकले असते.

वर्षअखेरीस कुलगुरू म्हणाले की सकाळी विद्यापीठात किती माणसं चालताना दिसतात, समितीचं काम उत्तम. सभेत मास्टर होते. मी खुर्चीत ताठ बसले, आता हे बोलतील म्हणून. मास्टर म्हणाले, "अक्कांनीं फार मेहनत घेतली." टाळ्या झाल्या. त्यांना माझा जरा जरी हेवा वाटला असता तरी मी त्यांना माफ केलं असतं.

ते निवृत्त झाले आणि लेकीकडे पापनाशमला जायला निघाले. निरोपाला कॅन्टीनमध्ये बसायला जागा नव्हती. त्यांनी पायातले बूट काढले, एकावर एक ठेवले आणि यजमानांच्या हातात दिले. "राव, हे तुम्हीं घाला. माझ्याकडे ते नुसते पांढरे होत होते."

यजमानांनी ते दोन्ही हातांनी घेतले, प्रसाद घ्यावा तसे. माझ्या बुटांचं खोकं तेव्हा घरी कपाटाखाली होतं.

मास्टरांना रिक्षापर्यंत मी पोचवलं, कारण सगळ्यांसमोर त्यांना चालायचं नव्हतं आणि माझ्यापासून लपवायचं काही राहिलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "अक्का, तुम्हांला कधीं कांहीं विचारलं नाहीं."

"नाही," मी म्हटलं.

"तुम्हीं न विचारतां दिवसभर चालतां. ऑफिस, मैदान, वसतिगृह. तुम्हांला कुठें पाठवायचं? पण आतां एक विचारतों. रावांचे तळपाय रोज संध्याकाळीं बघा आणि मला सांगा."

"तळपाय?"

"वजन तुम्हीं बघतां. साखर डॉक्टर बघतो. पाय कोणी बघत नाहीं. त्यांच्या अप्पांना मीं ओटीवर बसलेले पाहिलेत. आलोंय मी तुमच्या घरीं, तुम्हीं आंत होतां." रिक्षावाल्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. जाता जाता म्हणाले, "विसरूं नका. मी वाट बघेन."

मी कळवते म्हटलं.

त्या संध्याकाळपासून बघते. यजमान झोपाळ्यावर पेपर वाचत बसतात, पाय समोरच्या स्टुलावर ठेवतात, आणि मी दिव्याखाली तळवे बघते. पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटली. "अगे, लोक काय म्हणतील?" मग गुदगुल्या व्हायला लागल्या. पेपराआडून हसायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या पायांकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. उजव्या टाचेवर लहानपणच्या भाजल्याचा डाग आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, पोंगलच्या चुलीवर पाय पडला होता. हे मला माहीत नव्हतं.

यजमान कालव्यावर जातच राहिले, आता मास्टरांचे बूट घालून. बूट एक माप मोठे होते. पुढे कागद कोंबायचे. परतताना पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून पापनाशमला फोन करून पायऱ्या सांगायचे. हजेरीपटावर सही केल्यासारखं नियमित.

एका संध्याकाळी उजव्या तळव्याला, बोटांच्या खाली, फोड दिसला. फुटलेला, कडा ओल्या. मी बोट लावलं. यजमान पेपर वाचत राहिले. ना गुदगुल्या, ना दुखणं. मी बुटात हात घातला. आतल्या कागदाची घडी सरकून कडक झाली होती, तिथेच.

सासऱ्यांचा काटा माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याच पावली डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस उशीर केला असता तर वेगळं बोललो असतो." पट्टी बांधली, जखम भरेपर्यंत चालणं बंद केलं. घरी येऊन मी मास्टरांचे बूट कपाटावर ठेवले आणि कपाटाखालचं खोकं काढलं. बरं झाल्यावर हेच घालायचे, असं सांगितलं. यजमानांनी मान डोलावली. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते खिडकीशी उभे होते, एका पायावर भार देऊन.

"पाणी कमी झालं असेल," ते म्हणाले. "आज सोडणार होते पुढच्या शाखेंत."

मी चपला घातल्या. कालव्यापर्यंत गेले. पायऱ्यांवर एक बाई भांडी घासत होती. पाणी तिच्या खालच्या पायरीवर होतं, कडेला ओल्या शेवाळाची रेघ वर राहिली होती. मी परत आले तेव्हा यजमान फाटकाशी उभे होते.

"किती?"

"एक पायरी उतरलंय."

"शेवाळ दिसतं अहे?"

"दिसतंय. हिरवंगार."

"रंग?"

रंग मी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी बघितला. पट्टी सुटेपर्यंत रोज गेले. ते फाटकाशी उभे असायचे. माझी वाट बघत कोणी असं उभं राहिलेलं मला आठवत नाही. मग ते रिक्षाने बूथवर जायचे आणि मी सांगितलेलं मास्टरांना सांगायचे, स्वतः बघितल्यासारखं. मी बाहेर उभी राहून ऐकायचे. काचेआडून त्यांचा आवाज यायचा: "शेवाळ हिरवंगार, मास्टर." माझे शब्द, मास्टरांची काफी.

फोड भरला. यजमान आता माझे बूट घालून जातात. ते मळतात. दर शनिवारी मी धुते.

प्रत्येक फोनवर मास्टर विचारतात, "अक्का काय म्हणतात? तळपाय?" यजमान म्हणतात, "ती सांगेल." घरी येऊन मला म्हणतात, "अगे, एकदां फोन कर. थकलेत ते. आवाज बारीक झालाय." मी म्हणते, करते.

काय सांगणार? ठीक आहेत म्हटलं तर खोटं उत्तर ते ओळखतील. फोड आला होता म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, कशाने? मग त्यांचे बूट आले. ज्या माणसाने धावण्याची शिक्षा आयुष्यभर मनाला लावून घेतली, त्याला हे ऐकवायचं? त्यांनी विचारलं नसतं तर मी बघितलं नसतं, हेही त्याच वाक्यात सांगावं लागेल. ते मला जड जातं. आणि दुसरंही एक कारण आहे. त्या दिव्याखालच्या पाच मिनिटांत मला जे दिसतं ते कोणालाच कळवू नये असं वाटतं. बाकी सगळं त्यांनी घेतलं. एवढं माझ्याकडे राहू दे.

आजची यादी समोर आहे. समितीच्या सभेचं इतिवृत्त टाईपला दिलं. गॅसचा नंबर लावला. वजनाचा काटा वसतिगृहाला देऊन टाकला. तळपाय बघितले: दोन्ही कोरडे, डाव्या टाचेला बारीक भेग, खोबरेल लावलं, गुदगुल्या झाल्या. पापनाशमला मास्टर सकाळी पेला समोर ठेवून दाराकडे बघत असतील.

पापनाशमला कळवणे: राहिले.